वर म्हणजे कुठं?

शेलू, मंगळवार, संध्याकाळ

सहा महिने खपून आंधळ्या ताईसाठी, डोळ्यांनी दिसत नाही अशा सगळ्यांसाठीच, मोबाइलवर गेम बनवला. आज पहिल्यांदा तिच्या हातात दिला. मागून रेडा धावत येतो, खुरांचा आवाज वाढत जातो, आणि मी रेकॉर्ड केलेला आवाज ओरडतो, "वर जा!" म्हणजे स्क्रीनवर बोट पुढं सरकवायचं. ताईनं अख्खा मोबाइलच डोक्यावर उचलला. रेड्यानं तुडवलं.

"वर म्हणजे आभाळाकडंच ना रं?" तिनं विचारलं.

मांडीवर आडव्या ठेवलेल्या मोबाइलला कुठलं आलंय 'वर'? ते बघणाऱ्याचं 'वर'. जिनं जन्मात स्क्रीन पाहिला नाही, तिला मी वर जा सांगतोय! आणि हे 'वर', 'खाली' गेमभर पेरून ठेवलंय. टाकून देऊ का सगळं? एकदा तरी डोळे मिटून खेळलो का मी? नाही. एकदाही नाही.

तेवढ्यात ताई उठून उभी राहिली. हात आणखी उंच केला. पुन्हा रेडा.

शेवटी मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "गेम चांगला हाय रं. मलाच जमत नाय."