घाबरू नका, आजोबा

शुक्रवार, दि. १९, भर दुपार

प्रिय धाकटेराव,

आशीर्वाद घे, आणि उभ्याने वाचत असशील तर आधी बस. इकडील समस्त मंडळी आपापल्या तक्रारींसह सुखरूप आहेत. आईचा गुडघा हवामान खात्याहून अधिक बोलतो आणि अधिक अचूक बोलतो. तुझ्या वहिनीने माझे मीठ बंद केले असून त्या निर्णयाविरुद्ध मी केलेले अपील प्रथम सुनावणीतच फेटाळण्यात आले आहे. आई रोज न चुकता विचारते, "धाकट्याच्या हाताची थरथर कमी झाली का गं?" वहिनी रोज सांगते, "आता ऑपरेशनं सोडून नुसते शिकवतात ना भाऊजी. खडू धरायला असा किती हात लागतो?" मग आईचे समाधान होते.

अस्मादिकांचा व्यवसाय यथापूर्व चालू आहे. सकाळी कार्यालय उघडावे तो बाकावर माणसे बसलेली असतात, प्रत्येकाच्या मांडीवर क्ष-किरण चित्रांचे भले थोरले पाकीट. कुणाच्या उदरात विस्मृतीने राहिलेला कापूस, कुणाचा उजव्याऐवजी उघडलेला डावा गुडघा. मी त्यांचे दुःख ऐकतो, त्याला तारखा लावतो, आणि मग डॉक्टरविरुद्ध बोलणारा डॉक्टर शोधत हिंडतो. ही जमात दुर्मीळ आहे. गेल्या आठवड्यात एका विशेषज्ञांनी फोनवर "भयंकर आहे हो हे, फार भयंकर" असे म्हटले, आणि लेखी मत मागताच ते सहकुटुंब प्रवासाला निघाले. वहिनी तर मला तिच्या खोकल्याच्या औषधाची चिठ्ठीही दाखवत नाही. म्हणते, "तुम्ही वाचलीत की नोटीस पाठवाल."

मानवदेहाचे अंतरंग मी कागदावर इतके पाहिले आहे की मला एखादी मानद पदवी द्यावयास हरकत नाही. प्रत्यक्ष रक्ताचे मात्र तुला ठाऊकच आहे. महाविद्यालयात असताना तू अंगणात बेडूक चिरलास आणि उताणा पडलो तो मी.

हे सारे पाल्हाळ का लावले आहे, हे तुझ्या लक्षात आले असेल. एक प्रकरण आहे.

एक संगीतशिक्षिका. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया. ज्यांना तुम्ही सारे शिष्यगण आदराने 'थोरले सर' म्हणता, त्यांच्या इस्पितळात, त्यांच्याच नावाने. शस्त्रक्रियेत पित्तनलिका कापली गेली. बाई पिवळ्या पडल्या, दुसऱ्या इस्पितळात पुन्हा उघडाव्या लागल्या, मरता मरता वाचल्या. इथवर प्रकरण दुःखद, परंतु माझ्या बाकावरचे नित्याचेच. वेगळे आहे ते पुढे. बाई त्या वेळी जाग्या होत्या.

भुलीचे औषध देताना देह निश्चल करणारा भाग लागू पडला, झोपवणारा पडला नाही. पापणी हलत नव्हती, बोट हलत नव्हते. त्या मला म्हणाल्या, "दुखत तर होतंच. पण त्याहून वाईट म्हणजे ऐकू येत होतं."

त्या प्रथम आल्या तो प्रसंग सांगतो. त्या पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी आत येता येता कारकुनाला खिडकी लावायला सांगितले, बस, एवढेच. बाई ताठ झाल्या. त्यांचा हात पोटावर गेला. मान न वळवता म्हणाल्या, "मागून बोलू नका, प्लीज." मग त्यांनी स्वतःच खुर्ची उचलून भिंतीला टेकवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या.

"तुम्ही कधी त्या हॉस्पिटलात होतात का?"

"बाई, मी कुठल्याही हॉस्पिटलात फक्त जिन्यापर्यंत जातो. पुढे मलाच उचलून न्यावं लागतं."

हा विनोद सहसा वाया जात नाही. त्या हसल्या नाहीत.

शेजारी यजमान होते, सज्जन आणि थकलेले गृहस्थ. ते मृदुपणे म्हणाले, "थोरले सर म्हणतात हा भास आहे. भुलीत होतं असं. मीही हिला तेच सांगतो."

"त्यांचा आवाज किनरा आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या कानाला कळतं हो ते. आणि तो आवाज तिथे नव्हताच. जो कापत होता तो दुसरा कुणीतरी होता. तो बोलत होता."

"तुमच्याशी?"

"माझ्याशी नाही. माझ्या आतल्या कशाशी तरी."

त्यांनी डोळे मिटले. सूर लावण्यापूर्वी गवई थांबतो तशा क्षणभर थांबल्या. मग त्या बाईच्या गळ्यातून खालच्या पट्टीतला एक संथ पुरुषी स्वर निघाला. "घाबरू नका, आजोबा. एवढं झाकण उघडतो, धूळ झटकतो, लगेच परत चालते करतो तुम्हाला." आणि शेवटी ओठांनी एक हलकी फुंकर.

धाकट्या, खोलीत बाबा होते.

मी प्रौढ, करदाता, पुराव्याखेरीज कशावरही विश्वास न ठेवणारा विधिज्ञ आहे. तरीही मी दाराकडे पाहिले. खिशात ठेवायच्या जुन्या घड्याळाचे मागले झाकण उघडताना बाबा त्याला नेमके हेच म्हणत. 'आजोबा'पूर्वी नेमके एवढेच थांबत. आणि फुंकर मारत. त्यांना जाऊन किती वर्षे झाली. बाई या शहरात आल्या त्यापूर्वीच बाबांचे घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद झाले होते, हे मी नंतर विचारून घेतले. बाबांच्या हाताखाली कारागीर कधी नव्हता. त्या मेजाच्या कडेला हनुवटी टेकून बसणारी दोनच पोरे होती, आणि त्यांतल्या एकाला रक्त पाहून भोवळ येते.

"ही फुंकर," मी विचारले, "तीही ऐकू आली?"

"मास्कमधून. हो."

मग त्या पुढचे सांगू लागल्या, आता स्वतःच्या आवाजात. मध्येच कुणीतरी विचारले, "सर, हात?" त्यावर तो माणूस "काही नाही, काही नाही" म्हणाला. एक उपकरण भांड्यात पडल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ नुसते श्वास.

"त्यानंतर ते आजोबांशी बोलले नाहीत," बाई म्हणाल्या.

त्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. न्हाणीघरातल्या आरशापुढे उभा राहिलो आणि बाबांचे ते वाक्य, फुंकरीसकट, एकदा मोठ्याने म्हणून पाहिले. स्वयंपाकघरातून तुझी वहिनी म्हणाली, "अगंबाई, भाऊजी कधी आले?"

मी नळ सोडला आणि वाहता ठेवला.

यापुढे आलंकारिक भाषा मला झेपणार नाही, तरी सवयीने येईल ती खपवून घे. कागदोपत्री ती शस्त्रक्रिया थोरल्या सरांनी केली. साऱ्या सह्या त्यांच्या. त्यांचे वकील म्हणणार, बाईंनी स्वप्न पाहिले. ते तसे म्हणू लागलेच आहेत, आणि त्याहून भीषण म्हणजे घरचेही म्हणू लागले आहेत. बाई बसून झोपतात. फळ्यावर लिहायला वर्गाकडे पाठ करवत नाही म्हणून शाळेने त्यांना रजेवर पाठवले. गाणे बंद आहे. नुकसानभरपाईचा विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, "ते तुम्ही बघा. मी वेडी नाही, एवढं एका माणसाने म्हणावं. मला तेवढंच हवंय."

तसे म्हणू शकणारी माणसे या पृथ्वीतलावर दोन आहेत. त्यांतला एक बाईंचा वकील आहे. होता, म्हणायला हवे. कारण एकाच खटल्यात वकील आणि साक्षीदार होता येत नाही. काल मी वकीलपत्र सोडले, प्रकरण एका तरुण आणि माझ्याहून तिखट वकीलबाईंच्या हाती दिले, आणि पती-पत्नींना समोर बसवून सांगितले, "ते शब्द माझ्या वडिलांचे आहेत. आवाज बहुधा माझ्या भावाचा आहे."

मला वाटले, संतापतील. बाई मग म्हणाल्या, "म्हणजे आहे तो? खरंच आहे कुणीतरी?" आणि रडू लागल्या. यजमान उठले. वळसा घालून तिच्या समोर आले, तिला दिसतील असे उभे राहिले, आणि मगच त्यांनी तिच्या खांद्याला हात लावला. म्हणाले, "मी चुकलो गं." हे पत्र मी त्या दोघांच्या आणि नव्या वकीलबाईंच्या संमतीने लिहीत आहे, आणि वेळेत पोचावे म्हणून कारकुनाच्या हाती धाडत आहे.

हे का केलेस, असे मी विचारणार नाही. अंदाज करता येतो. हात एखाद्या सकाळी स्थिर वाटला असेल. थोरले सर म्हणाले असतील, ये रे, पेशंट झोपलेला असतो, कुणाला काय कळतंय. आणि ज्याने आयुष्यभर आतली गुंतागुंत सोडवली, त्याला खडूने समाधान मिळत नसणार. हे सारे मला समजते. समजते म्हणून ते कमी होत नाही. तू चुकून कापलेस, ते एक. पण नंतर तू घरी आलास, आईच्या गुडघ्याला तेल लावलेस, आणि ती बाई वेडी ठरत असताना गप्प बसलास. बोलावणारे, सही करणारे थोरले सर. त्यांना कोर्ट पाहील. तुझे मला पाहावे लागणार.

येत्या सोमवारी सुनावणी आहे. बाईंनी ऐकलेला आवाज कुणाचा, असे मला विचारतील, आणि मी उत्तर देईन.

तुझे नाव घरात मी सुचवले होते, असे आई अजून पाहुण्यांना सांगते. मैदानावरून, जिन्याखालून, पुढे परीक्षेच्या निकालफलकापुढच्या गर्दीतून मी ते हवे तसे ओरडलो आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून ते कसे उच्चारतात, हे मात्र मला ठाऊक नाही, आणि शिकावेसे वाटत नाही. तेव्हा माझ्याआधी तू ये. बाई बसल्या असतील तिथे समोरून जा, त्यांनी ऐकले ते खरे होते असे त्यांना सांग, आणि तुझे नाव तूच सांग. तू आला नाहीस, तर मी सांगेन.

आईला काहीही कळवलेले नाही. ते काम तुझे.

तू आलास तरी आणि न आलास तरी तुझाच,

दादा