माझ्या गाण्याचा वाजवी दर

४ मार्च, सकाळ
आजपासून अन्याय सहन करणार नाही. रोज लिहिणार. शोषणाचा रेकॉर्ड राहिलाच पाहिजे.
चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीतून एक गृहस्थ इंटरनेट रेडिओ चालवतो. माझं गाणं रोज दुपारी लावतो. रोज! दुसरं कुठलंही स्टेशन माझं गाणं लावत नाही, पण तो मुद्दा नाही. मागच्या तिमाहीची रॉयल्टी आली त्यात चहा झाला असता, तोही बिनसाखरेचा.
तत्त्व म्हणून मी ते स्टेशन ऐकत नाही.

६ मार्च
बायको म्हणाली, त्यांच्या शिवणाच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर तेच स्टेशन असतं. माझं गाणं लागलं की सगळ्याजणी गुणगुणतात, बटणं लावणारी तर हटकून डोळे पुसते. मी विचारलं, एकूण किती जणी? चौदा, म्हणाली. खुलली होती अगदी. मी लगेच लिहून घेतलं. चौदा श्रोते, आणि स्टेशनच्या हिशेबात मोबाइल एक! ही सरळ सरळ चोरी.
ती एकदम उठून आत का गेली कळलं नाही.

९ मार्च
स्वतंत्र कलाकारांची संघटना स्थापन. अध्यक्ष मी. सेक्रेटरी माझ्या गाण्यातला ड्रमर. खजिनदार सासरे, कारण खुर्च्या त्यांच्याकडे आहेत. ड्रमर कुरकुरला. म्हणे, मला चार कामं त्या स्टेशनमुळेच मिळाली, उगाच कशाला? दृष्टीच नाही माणसाला. बडवून बडवून डोक्यावर परिणाम.

१२ मार्च
चष्मेवाल्याला भेटलो. सौम्य बोलायचं ठरवलं होतं. जमलं नाही. तो म्हणाला, दादा, चष्मे विकून स्टेशन चालवतो, जाहिरात एकच आणि तीही माझ्याच दुकानाची, आणखी कुठून देऊ? वर माझ्या चष्म्याची सैल दांडी फुकट घट्ट करून दिली. लाच! मी घट्ट करून घेतली, पण बधलो नाही.

१५ मार्च
रॉयल्टी ऑफिसला सात पानी तक्रार. सासरे म्हणाले, जावईबापू, खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. मी म्हटलं, खायला मिळालंय कुठे?

१७ मार्च ते १ एप्रिल
रोज लिहायचं राहिलं. आंदोलनात वेळ मिळत नाही. शिवाय सर्दी.

२ एप्रिल
विजय! ऑफिसचं पत्र. छोटं स्टेशन म्हणून त्याला असलेली कमी दराची सवलत रद्द. यापुढे चष्मेवाल्याने प्रत्येक गाण्याला, प्रत्येक श्रोत्यामागे पूर्ण दर भरायचा, मागचा फरकही द्यायचा. बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिनं विचारलं, तो भरणार कुठून? क्षुद्र प्रश्न. नव्या दराने माझी वर्षाची कमाई काढली. डोळे दिपले. मग लक्षात आलं, चौदाने दोनदा गुणलं होतं. तरीही उत्साहवर्धक.

३० एप्रिल, दुपार
विजयसभा, सासऱ्यांकडे. ड्रमर आला नाही. पाऊण तास बोललो. सासरे म्हणतात, ते शेवटपर्यंत जागे होते.

३० एप्रिल, संध्याकाळ
बायको कामावरून आली ती रडून लाल झालेल्या डोळ्यांनी. स्टेशन आज बंद झालं. चष्मेवाल्याने सगळ्यांचे आभार मानले, कुणाला बोल लावला नाही, आणि शेवटचं म्हणून माझं गाणं लावलं. वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी मशिनं थांबवली म्हणे. कात्रीसुद्धा कुणी वाजवली नाही.
त्या वेळी मी भाषणात ‘कलाकाराचा आवाज’ या मुद्द्यावर होतो.

३ मे
इतर स्टेशनांना मेल केले. सव्वीस. उत्तर एकाचंही नाही. लेकाचे!
दुपारी चष्मेवाल्याचं स्टेशन लावून पाहिलं. स्क्रीनवर नुसतं गोल फिरत राहिलं. माझं गाणं रेडिओवर कसं वाटायचं, मला ठाऊकच नाही. फार वाईट वाटलं. चूक अर्थात ऑफिसची.

६ मे
बायको म्हणाली, दुपारी वर्कशॉप सुनं सुनं वाटतं, म्हणून बायका आता तिलाच माझं गाणं म्हणायला लावतात. सगळं पाठ आहे तिला. मग विचारलं, मलाही नोटीस पाठवणार का? हसत नव्हती.
मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने विचारलं, मला एकदा म्हणून दाखवतेस का?
ती म्हणाली, दिवसभर तेच गाऊन घसा बसलाय.