राजाचा तीळ आणि मामाची मिशी

५ जून

ती. मामास सा. न. वि. वि. (नमस्कार वाकूनच केलाय, आई साक्षीला आहे.)

तुझं नाणं पोचलं. राजाच्या गालावरचा तीळ टांकसाळीतला नाही निघाला तर क्लबात सगळ्यांसमोर मिशी उतरवणार, अशी पैज दातांच्या डॉक्टरशी लावलीस म्हणे. आधी मला तरी विचारायचंस. मी कॅमेऱ्याची लेन्स काढली, उलटी फिरवली आणि चिकटपट्टीने बसवली. अशी लावली की जवळचं भलतंच मोठं दिसतं. श्वास सोडला तरी राजा धूसर व्हायचा. नाकाचा नुसता डोंगर झालाय. पण मामा, तिळावर ब्रशचे फराटे आहेत. आणि सुट्टीत मामीने माझ्या पायाच्या नखांना लावला, तोच रंग. फोटो आणि नाणं सोबत. मिशीचाही एक फोटो काढून ठेव.

लोभ आहेच, मिशी गेल्यावरही राहील.

तुझी चिमटी

९ जून

चि. चिमटीस आशीर्वाद, आणि भेटल्यावर एक धपाटा.

लेन्स उलटी लावलीस तर दिसणार पण उलटंच. शर्ट उलटा घालून शिंप्याला नावं ठेवतं का कोणी? मी माझ्या कॅमेऱ्याची लेन्स सरळ ठेवून, अगदी नाण्याला टेकवून फोटो काढला. त्यात फराटे नाहीत. तीळही नाही, राजाही नाही, पांढरट ढग आहे. रविवारी हाच पुरावा दाखवणार. मामीला यातलं काही बोलू नकोस.

तब्येतीला जप, जिभेला जास्त.

मामा

१२ जून

ती. मामास नमस्कार, या वेळी हात जोडून.

तू रागाने फोन उचलत नाहीस, म्हणून मामीला केला. ती म्हणाली, "अगं, सुट्ट्या पैशांत मिसळून दुकानात जाऊ नये म्हणून मीच खुणेचा ठिपका दिला. मग हे तीळ तीळ करत नाचायला लागले, सांगायचं कसं?" रविवारी पोट दुखतंय म्हण आणि घरीच बस.

माया पातळ करू नकोस.

चिमटी

१८ जून

चि. चिमटीस आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. डॉक्टरने माझा ढग बराच वेळ पाहिला, मग खिशातून नखांचा रंग पुसायच्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा काढला. राजा गोरा झाला, पाठोपाठ मीही. घरी आलो तर मामीने दार अर्धंच उघडलं आणि हे बाहेर गेलेत म्हणाली.

आता ती म्हणते, खुंट दिसायला लागलेत. मला आरशात काही दिसत नाही. शनिवारी ये, आणि ती लेन्स उलटीच लावून आण.

लोभ असावा, ओठ उघडा पडलाय.

मामा