सहाला जेवणाऱ्यांच्या गावातून प्रचार

गुरुवार, ६ नोव्हेंबर. संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं.
नोंद करून ठेवते, पुढं कुणी नाकारायला नको. वरील वेळी मी, ब्रिजित लोपीस, निवृत्त मुख्याध्यापिका, गरम करंज्यांचं ताट घेऊन इथं हॉलंडात, लेकीच्या शेजारच्या टिनेकेबाईच्या दारात उभी होते. तिनं दार उघडलं, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाली, आम्ही आत्ता जेवतोय. मागं तिचा नवरा याप काट्याला बटाटा टोचून माझ्याकडे बघत बसलेला. मला वाटलं, आता म्हणेल, या, बसा. तर म्हणाली, पुढच्या वेळी आधी विचारून या. दार बंद. ताट माझ्याच हातात.
रेनिता म्हणते, मम्मी, सहाला कुणी कुणाकडे जातं का? जशी काय मी घरफोडीच केली. डच जावयानं चार करंज्या खाल्ल्या आणि म्हणाला, मस्त झाल्यात, ब्रिजित. जावई सासूला नावानं हाक मारतो. यापुढं या देशाबद्दल काय लिहायचं?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
टिनेकेच्या टपालपेटीत पत्र टाकलं. मदर सुपिरियरनं शिकवलेल्या वळणदार इंग्रजी अक्षरात. रविवारपर्यंत लेखी माफी हवी.
आता मुख्य काम. वसईला आमच्या गावच्या पंचायतीची निवडणूक रविवारी सोळाला. मी प्रचारप्रमुख. उमेदवार सबिना, माझी विद्यार्थिनी. सातवीत तेराच्या पाढ्याला रडायची, आता सरपंच व्हायला निघाली आहे. तीच मागं लागली होती, बाई, दोन निवडणुका रक्त आटवलंत, या खेपेला लेकीकडे जाऊन विसावा घ्या, मी फोनवर विचारत जाईन. विमानाचं तिकीटसुद्धा तिनंच शोधलं. असं प्रेम हल्ली कुठं मिळतं!
संकल्प: रोज सकाळी सबिनाला सूचना.
आज फोन उचलला नाही. प्रचारात असेल.

रविवार, ९ नोव्हेंबर.
मुदत आज संपली. अकरा वाजता टिनेके स्वतः हजर, हातात माझं पत्र. म्हणाली, दोनदा वाचलं. तू आलीस तेव्हा आम्ही जेवत होतो. मी सांगितलं, जेवतोय. यात माफी कशाची?
उत्तर माझ्याकडे तयार होतं. बाहेर थंडी फार होती म्हणून दिलं नाही.
मग खिशातून इवलीशी डायरी काढून म्हणाली, सतराला दुपारी दोनला ये, याप पंचाहत्तर वर्षांचा होतोय. मी ताठपणे म्हटलं, विचार करून कळवते. ती पेन्सिल रोखून उभीच राहिली. शेवटी हो म्हणावं लागलं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर.
सबिनाला घरोघरच्या प्रचाराची माझी पद्धत बोलून पाठवली. आधी अंगण बघायचं. कचरा असेल तर तिथल्या तिथं सुनवायचं. मग मुलांचे मार्क विचारायचे. बाप पीत असेल तर त्याच्या तोंडावर सांगायचं. मत शेवटी मागायचं, म्हणजे मागणारा लाचार वाटत नाही.
मागच्या दोन्ही वेळा आपण हरलो ते वाडीतली माणसं घरात सापडत नव्हती म्हणून. दिवा लागलेला, टीव्ही चालू, आत कुणीतरी खोकतंय, पण दार उघडायला माणूस नाही. या वेळी लोक घरी असण्याची वेळ साधा, असं बजावलं. सबिनानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पटलेलं दिसतं.

शनिवार, १५ नोव्हेंबर.
चैन पडत नाही. खिडकी ते स्वयंपाकघर, स्वयंपाकघर ते खिडकी. समोरच्या घरांना पडदे नाहीत, सगळे दिव्याखाली बसलेले दिसतात, आणि आत जायला मात्र महिनाभर आधी विचारा. रेनिता म्हणाली, मम्मी, जरा बस ना, फरशी झिजेल. मी म्हटलं, तिकीट बदल, मला गावी गेलं पाहिजे. सबिनाला तसं कळवलं, तर लगेच फोन! आठ दिवसांत पहिला. नको बाई, नको, नाताळ तिकडंच करा, तब्येतीला जपा. बिचारी, ऐन धावपळीत माझी काळजी.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळ.
मतमोजणी चालू. कुणी फोन उचलत नाही. रेनिता, जावई कामावर. माझ्यावाचून तिकडं गोंधळ उडाला असणार.

तोच दिवस. संध्याकाळी पाच.
ठीक दोनला टिनेकेकडे गेले. खुर्च्या गोल मांडलेल्या, वर्गात आई-बापांची सभा असावी तशा. मी आत शिरताच एकेक जण उठला, हात हातात घेऊन म्हणाला, अभिनंदन! यापची म्हातारी बहीण काठी टेकत उठली, तिनंही अभिनंदन केलं. मी समजले. निकाल लागला, आणि रेनितानं यांना आधी कळवलं. डोळे भरून आले. दोन शब्द बोलणं भाग होतं. गटारं, नळपाणी, मच्छीबाजाराचा रस्ता, सगळं सांगितलं. लोक मांडीवर केकच्या बश्या ठेवून शांत ऐकत होते. यापनं विचारलं, हे गटार आपल्या गल्लीतूनही जाणार का?
स्वयंपाकघरात टिनेके म्हणाली, निवडणूक कोण जिंकलं? मी म्हटलं, म्हणजे काय, सगळ्यांनी अभिनंदन केलंत ना! ती म्हणाली, अगं, वाढदिवस यापचा. आम्ही सगळ्यांचंच करतो. बायकोचं, बहिणीचं, शेजारणीचं. तुझं यापबद्दल केलं.
भाषण मात्र त्यांना आवडलं, असं मला वाटतं.

संध्याकाळी सात.
सबिनाचा फोन. तिकडं मध्यरात्र होत आली, तरी ढोल, फटाके. जिंकलो, बाई! मी म्हटलं, माझी पद्धत वापरलीस ना? आवाजात तिला ऐकू आलं नसावं. ओरडून सांगत होती, या वेळी सगळ्या वाडीनं दारं उघडली, बाई! आत बसवलं, चहा दिला. आधी सगळे आतूनच विचारायचे, बाई आहेत का बरोबर? नाही म्हटलं की कडी काढायचे!
मग तिला कुणीतरी खांद्यावर उचललं असावं. फोन बंद झाला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर.
कुंपणापाशी टिनेकेला सगळं सांगितलं. वाटलं, निदान ही तरी म्हणेल की तसं नसेल. तिनं विचार केला आणि म्हणाली, म्हणजे तू इथं होतीस याचा त्यांना आनंद झाला. या बाईला साखर घालून बोलणं येत नाही.
नंतर डायरी काढली. म्हणाली, त्या करंज्या पुन्हा कर. सोमवारी, साडेदहाला.
सबिनाला पुढीलप्रमाणे कळवलं: मला हॉलंडला पाठवलंस ते माझ्या तब्येतीसाठी, की पॅनेलच्या? हात जोडल्याचं चित्र चालणार नाही. लेखी उत्तर सोमवार, २४ नोव्हेंबर, इथल्या सकाळी साडेदहाच्या आत हवं. साडेदहाला मला कॉफीला बोलावलं आहे, आणि तिथं उशीर चालत नाही.