अंजनाखालची घागर

मेघाने माझ्या मोठ्या अंजनाच्या झाडाला बुंध्याची वाढ मोजायचा पोलादी पट्टा बांधला आणि तीन आखाज्या, म्हणजे तीन अक्षय तृतीया, झाल्या, पट्टा बघायला आली नाही. ही तक्रार आधी. आता बाकीचं.

मी भुराबाई झुलाल पाटील, वय ७८, रा. बोरपाडे, ता. शिरपूर, जि. धुळे. शिक्षण चौथी. अक्षर वाकडं आहे, डोकं सरळ आहे. कुणाच्या धाकात नसताना लिहून ठेवते की:

राहतं घर आणि विहिरीचं शेत मुलगा प्रेमराज याला. जातं सून प्रमिला हिला. तिला ते नको आहे, म्हणूनच दिलं.

शेजारी धनसिंगने मोठ्या अंजनाची फांदी, आखाजीला झोका बांधायची ती, तोडून गोठ्याला आडवी घातली. माझ्या तेराव्याला त्याला जेवायला बोलवावं. वाढताना तिखट विसरू नये.

टेकडीचं मुरमाड रान, अंजनांसकट, नात मेघा प्रेमराज पाटील हिला. प्रेमराज ते सोलारवाल्यांना द्यायला निघालाय. वाईट नाही तो, घाईचा आहे. जोवर तिथे एक जरी अंजन पालवत असेल, तोवर द्यायचं नाही.

मेघा देहरादूनला असते. पाऊस हुकत गेला आणि ऊन वाढत गेलं तर जंगलातलं कुठलं झाड आधी वाळेल, हे आगाऊ सांगायचं तिचं काम. पट्टा बांधताना म्हणाली, वरच्या अंगाचे दोन आधी जातील, त्यांच्याखाली नुसता खडक आहे. गेले. हिशेब खरा निघाला याचाच मला राग आहे. मोठ्याचं मात्र अजून सांगता येत नाही म्हणाली.

तेव्हा मी तिला म्हटलं, "मरनारं झाड तुले दिसस, मरनारी आजी दिसत नही का?"

पट्टा आवळता आवळता ती म्हणाली, "झाड बोलत नही, आजी, म्हनीसन मोजनं पडस. तू ते बोलशी."

फोनवर मी पावसाचं बोलले, कापसाचं बोलले. ये म्हणाले नाही. इथे लिहिते: ये.

मी गेल्यावर पहिल्या आखाजीला पितरांची म्हणून माझ्या नावाची घागर घरात भरू नये. मेघाने ती अंजनाखाली भरावी आणि पाणी बुंध्याला ओतावं. एका घागरीने दुष्काळ फिटत नाही, तेवढं मला कळतं. उरलेल्या फांदीला झोका बांधावा.

बोरपाडे, २ मार्च २०२६. अंजन सध्या पानं गळून उघडा आहे.

सही: भुराबाई झुलाल पाटील

साक्षीदार: १. लीलाधर सुपडू पाटील २. धनसिंग चिंधा पाटील (फांदीचा मजकूर वाचून सही केली)

खाली जागा उरली म्हणून: मोठा अंजन पालवला का, आणि पुढे जगेल का, हे आखाजीला झोक्यावर बसून मोठ्याने सांगायचं. प्रेमराजने नाही, फोनवरून नाही. उत्तर मेघानेच द्यायचं.