आठ वाजून दहा मिनिटं

प्रिय जॉमन्ये,

दर हिवाळ्यात हे पत्र लिहिते आणि टपालात टाकत नाही.

तुझी हेसन त्या दिवशी शाळेच्या फाटकापर्यंत पोचलीच नाही, असं मी तुला सांगितलं होतं. ती पोचली होती. आठला फाटक लावायचं, ही माझी नोकरी. दहा मिनिटांनी ती बर्फातून धावत आली.

“मावशी, बस अडकली होती. उघड ना.”

“भाची म्हणून तुला सोडलं, तर बाकीच्या पोरींना काय सांगू?”

“बरं, मागच्या दाराने येते,” म्हणाली आणि गोठलेल्या तळ्यावरून निघाली. मध्यावर बर्फाचा थर फुटला.

तळ्यावरून जायची सवय तिच्या बापानेच लावली म्हणत तू नवऱ्याला सोडून सोलला गेलीस. अकरा वर्षं मी गप्प राहिले. अजून रोज आठनंतर फाटकाच्या गजांवर मला तिची बोटं दिसतात.

काल दवाखान्यात तुझ्या नवऱ्याला सगळं सांगायला गेले. तोच आधी म्हणाला, “ताई, मला ठाऊक आहे. तिची पावलं फाटकापासूनच तळ्याकडे गेली होती. मी ती पुसली. जॉमन्येची मुलगी गेली, निदान बहीण तरी राहू दे म्हटलं.”

आज सकाळी तो गेला. फोनवर तू विचारलंस, “शेवटी काही बोलला का गं?”

मी म्हटलं, “नाही. झोपेतच होता.”

तुझी ताई,
मालसून