यंदा मी आखणी करणार नाही

१२ जून १९८७, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. कारण तसेच घडले आहे. कोल्हापूरच्या चिमणबाग प्रकाशनाचे पत्र आले. मुलांच्या पुस्तकासाठी बारा प्राणी हवेत, काळ्या शाईत. आधी नमुन्यादाखल चार पाठवा, पसंत पडल्यास सर्व काम आपले. पसंत पडल्यास! संपादक विनोदी दिसतात.

पुढेमागे कुणी मुलाखतीला आले तर धांदल नको, म्हणून माझी चित्र काढण्याची सगळी प्रोसेस इथे लिहून ठेवणार आहे.

दुपारी
दादाला सांगून टाकले, यंदा मी आखणी करणार नाही. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ गुरुदास. आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात, माती मळण्यापासून रंगापर्यंत सगळे तोच करतो. शेवटी डोळे आखायचे तेवढे माझ्याकडे. बाबांनी जाताना तो ब्रश दादाला न देता मला दिला, त्याला अठरा वर्षे झाली. अठरा वर्षे, दरवर्षी बावन्न घरांचे बावन्न गणपती, आणि डोळे तेच! आर्टिस्ट माणसाने सोसायचे तरी किती? दादा म्हणाला, बरा. मग थोड्या वेळाने म्हणाला, माझो हात थरथरता, तुका म्हायत आसा. मी म्हणालो, बघ कोणीतरी. तो माती मळायला गेला. दुखावला असेल. कलेपुढे इलाज नाही.

१५ जून
सावंतवाडीला जाऊन शाईच्या दोन बाटल्या, निबा आणि आयव्हरी कागद आणले. प्रोसेस अशी: आधी आठ दिवस नुसते निरीक्षण. मग पेन्सिल. मग शाई. डोळे सगळ्यात शेवटी, कारण डोळे आले की जीव येतो. हे शेवटचे मला कुणी शिकवलेले नाही, माझे स्वतःचे आहे.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. चहा बंद, म्हणजे हात स्थिर राहतो.

१६ जून, सकाळी ८.२०
उठलो. चहा घेतला. एकदम सोडला तर हात जास्त हलतो, असे कुठेतरी वाचले आहे.

१९ जून
शेजारच्या काशीबाईच्या गोठ्यात म्हशीचे निरीक्षण. अडीच तास. त्यातला दीड तास डोळे मिटून, कारण बघितलेले आत मुरावे लागते. काशीबाईने सगळ्या वाडीत सांगितले की महादू माझ्या गोठ्यात घोरत होता. अडाणी बाई.

२७ जून
म्हैस पूर्ण! हवा इतकी दमट की कागद पापडासारखा मऊ पडतो आणि शाई फुटते. म्हणून सगळे कागद गादीखाली ठेवले आहेत. सुगंधा म्हणाली, रात्रभर म्हस कुरकुरता, झोप नाय. बायकोला कागदाची किंमत नसते.

म्हैस भिंतीला टेकवून ठेवली होती. काशीबाई दूध घालायला आली, चित्राकडे बघितले, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मग जवळ जाऊन बघितले आणि म्हणाली, शिरा पडो, ही तर माझी म्हस! जाताना पुन्हा एकदा वळून बघितले. म्हणाली, पण इतकी गरीब ती कधीच नव्हती.

म्हशीचे चित्र बघून माणसाचे हात जुळतात! याला म्हणतात इफेक्ट.

५ जुलै
वाघ, कुत्रा, कोल्हा. तिन्ही तयार. वाघ प्रत्यक्ष पाहिलेला नाही. पाहिला असता तरी मी माझ्या मनातलाच काढला असता. डोळे एका दमात आले. ब्रश टेकवला की वरची पापणी, खालची पापणी, मध्ये बुबुळ, कडेला बारीकशी शेपटी. विचारसुद्धा करावा लागला नाही. कोल्ह्याचे तर चार मिनिटांत.

सुगंधाने चारही चित्रे ओळीने बघितली. मग विचारले, वाघाक दुर्वा वाहू काय जास्वंद? तिला ड्रॉइंगचे शिक्षण नाही. मी इंटरमिजिएट बी ग्रेड आहे.

९ जुलै
चारही नमुने रजिस्टर पोस्टाने रवाना. पोस्टमास्तरांना पाकिटात काय आहे ते सांगितले. त्यांनी, वा, म्हटले आणि शिक्का मारला.

सुगंधा हल्ली दुपारची शाळेत जाते. गणपतींच्या सोंडेवरची नक्षी, दागिने असली किरकोळ कामे करते. जाऊ दे. तिलाही विरंगुळा हवा.

२१ जुलै
उत्तर नाही. मोठ्या प्रकाशनात निर्णय कमिटी घेते. कमिटी म्हटली की वेळ लागतोच.

दादाचा मुलगा लवू पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करतो. त्याने मशीनवर काढलेले माकडाचे चित्र पाठवले. नुसते टाइपाचे ठोकळे: एक्स, शून्य, फुल्या. हात नाही, ब्रश नाही, प्रोसेस नाही. याला चित्र म्हणायचे? पेपर दाराला लावला तर येणारा जाणारा म्हणतो, वांदर! काशीबाई म्हणाली, वांदर, आणि चोरटो वांदर, बघा कसो बघता. एकानेही हात जोडले नाहीत. यावरूनच काय ते समजावे. या मशीनला काही भवितव्य नाही.

२९ जुलै, नागपंचमी
लोक आपापले पाट घेऊन शाळेत आले. ज्याच्या पाटावर त्याचा गणपती बसणार. प्रत्येक जण पाट ठेवताना विचारतो, डोळे महादूच आखतलो मां? दादा म्हणतो, बघूया. मी घरातूनच ऐकत होतो. बरे वाटले. एखादी गोष्ट सोडल्याशिवाय लोकांना तिची किंमत कळत नाही.

सुगंधा संध्याकाळी म्हणाली की भावजींनी आज तिला एका मूर्तीवर भुवया काढायला सांगितल्या. मला हसू आवरेना.

१ ऑगस्ट
पत्र. आहे तसे उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे संपादकांना आपली चूक दाखवता येईल:

‘चित्रे सुबक आहेत, रेषा उत्तम. परंतु चारही प्राण्यांचे डोळे एकसारखे असून ते गणपतीचे आहेत. वाघ आशीर्वाद देताना दिसतो. आमच्या गोष्टीतला कोल्हा कोंबड्या पळवतो. आपला कोल्हा पाहून कार्यालयातील शिपायाने चप्पल काढली. लबाड डोळ्यांचा कोल्हा दहा तारखेच्या आत आमच्या हाती पडल्यास पुन्हा विचार करू.’

माझ्या चित्राने शिपाई चप्पल काढतो आणि संपादक तक्रार करतो! संताप आला. जेवलो नाही. दोन वाजता थोडे जेवलो.

२ ऑगस्ट
रात्रभर विचार केला. दोष माझा नाही, गणपतींचा आहे. अठरा वर्षे त्यांनी माझा हात बिघडवला. संकल्प: आठ दिवस कुठल्याही देवाकडे बघायचे नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचे तोंड फिरवले. देवघराला चादर लावली. सुगंधा अशी कडाडली की काय सांगू. श्रावण महिनो आणि ह्येंचा ह्या काय ता, म्हणून चादर ओढून काढली आणि तीच मला पांघरायला दिली. मी डोळ्यांवर हात ठेवून जेवायला गेलो.

६ ऑगस्ट
काजूच्या बागेत कोल्ह्यांचे निरीक्षण. ओरडताना ऐकू येतात, दिसत नाहीत. आमच्या कुत्र्याचे डोळे प्रामाणिक, बोकडाचे मूर्ख, मांजराचे उर्मट. लबाड नजर म्हणून कुठे मिळेना! कागद सहा गेले. वीस-वीस वेळा डोळा काढला तरी कोल्हा जप करीत बसलेला.

८ ऑगस्ट
युरेका! सुगंधाचा आरसा घेऊन बसलो. नुसता स्वतःच्या डोळ्यांत बघत राहिलो आणि जसे दिसले तसे काढले. अर्थात मी अभिनय करत होतो. पण कोल्हा असा जमला की बघतच राहावे. पहिल्याच प्रयत्नात! सुगंधाने बघितला आणि प्रथमच म्हणाली, आता जमला. मग माझ्याकडे बघितले, पुन्हा कोल्ह्याकडे बघितले आणि आत गेली. आत बराच वेळ हसत होती. आनंद झाला असणार.

१० ऑगस्ट
दोन दिवस तेच डोळे गिरवले. पाटीवर, वर्तमानपत्रावर, ओसरीच्या जमिनीवर. हात आता पक्का बसला.

११ ऑगस्ट
कोल्हा पोस्टात टाकला. दहाच्या आत म्हणाले होते, पण तारखा कारकुनांसाठी असतात.

आता मन मोकळे आहे. मोठ्या मनाने विचार केला, दादाची अडचण दूर करावी. शाळेत गेलो. म्हणालो, आण ब्रश, थोडे डोळे आखून देतो. दादाचे डोळे पाणावले. म्हणाला, माका म्हायत होता तू येतलस. बाबांचा ब्रश स्वतःच्या हाताने मला दिला. सुगंधा बाजूला उठून बसली. पाच गणपती आखले, तासाभरात. एवढा स्पीड माझा मलाच नवीन.

१२ ऑगस्ट
काय बोलायचे या लोकांना!

काशीबाईचा गणपती पाचांत होता. सकाळी बघायला आली. समोर उभी राहिली, हात जोडायला उचलले आणि तसेच धरून ठेवले. मग म्हणाली, गुरुदासा, ह्यो माझ्या कोंबड्यांकडे बघता.

दादा आला. बाकीचे चार वळवून उजेडात धरले. पाचही गणपती एकाच बाजूला तिरकस बघत होते, एक पापणी अर्धी खाली. एकाकडे तर मी स्वतःसुद्धा फार वेळ बघू शकलो नाही. मी समजावले की हा मॉडर्न टच आहे, वेंगुर्ल्यात रुळायला वेळ लागेल. दादा मूर्तीकडे बघत होता, मग माझ्याकडे बघितले. म्हणाला, ह्ये डोळे माझ्या ओळखीचे आसत रे.

रागावला असता तर परवडले असते. पण त्याने ब्रश माझ्या हातातून काढून घेतला, फडक्याने पुसला आणि सुगंधाला दिला. म्हणाला, तूच कर गो. घरातल्या सुनेला शाळेत असे कुणी कधी सांगितले नव्हते. बाबा असते तर... पण असो.

दादाने पाचही मूर्तींच्या डोळ्यांवरून पांढरा रंग फिरवला. मी घरी आलो.

१३ ऑगस्ट
संकल्प: घरी बसून पूर्वीचा हात परत आणायचा. कॅलेंडर सरळ केले. दिवसभर देवाकडे बघून सराव. सगळे डोळे कोल्ह्याचे आले. तात्पुरते असते हे.

१८ ऑगस्ट
कोल्हापूरचे पत्र: ‘कोल्हा उत्तम. आपली वाट पाहून काम अन्य चित्रकारास दिले आहे. नमुने सोबत परत करीत आहोत.’

सोबत काही नव्हते. बहुधा शिपायाने वाघ ठेवून घेतला. निदान एक तरी रसिक आहे कोल्हापुरात.

हे सुगंधाला सांगितले नाही. तिने विचारलेही नाही. दुपारभर शाळेत असते. हाताला रंग, केसाला रंग. मी स्वतः भात वाढून घेतला.

१९ ऑगस्ट
खोटे कशाला लिहू, आज शाळेच्या दारात जाऊन उभा राहिलो. दादाने विचारले, काय रे? मी म्हणालो, सहज. दादाने थोडा वेळ माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, जनावरांचो आर्टिस्ट मां तू? मग उंदीर कर. बावन्न गणपतींपुढचे बावन्न उंदीर माझ्याकडे आले. अट एकच. डोळ्याच्या जागी एक ठिपको, त्यापलीकडे काय करू नको.

घरी आल्यावर लक्षात आले की हे बारापेक्षा चाळीस प्राणी जास्त आहेत. म्हणजे मोठीच ऑर्डर.

२३ ऑगस्ट
एकतीस उंदीर. एकाला ठिपक्याऐवजी जरा पापणी काढून बघितली. दादाने लांबूनच ओळखले आणि तो उंदीर माझ्यापुढून उचलून नेला.

२६ ऑगस्ट, दुपारी
उंदीर संपले. सकाळपासून लोक पाट उचलून गणपती नेत आहेत. काशीबाई आपला गणपती डोक्यावर घेताना त्याला म्हणाली, यंदा बरो बघतस रे बाबा. मी मुद्दाम दाराशी बसलो होतो. कुणीतरी विचारील, डोळे महादूचे नाहीत का? बावन्न घरांतले किमान दहा तरी. नागपंचमीला सगळे विचारत होते. आज एकानेही विचारले नाही.

शेवटी घरचा गणपती उरला. तो बाबांच्या मागे दरवर्षी मीच आखला आहे. हा तरी माझा, हे सांगायची गरज नसावी. हात धुऊन पुढे गेलो. ब्रश सुगंधाच्या हातात होता आणि उजवा डोळा झालेला होता. चुका दाखवाव्यात म्हणून वाकून बघितले. वरची पापणी बघितली, खालची बघितली, बुबुळ बघितले. पुन्हा पहिल्यापासून बघितले. चूक सापडेना.

मागून दादा म्हणाला, महादू, बाजूक हो रे, तिका उजेड मिळना नाय.

बाजूला झालो.